उंदरांना दिलेली भाषा

परीक्षांचे दिवस आले हे बेंगळूरमध्ये मला कॅलेंडरवरून कळत नाही, झाडांवरून कळतं. रस्त्याकडेची झाडं पानं टाकून नुसती गुलाबी होतात, त्यांच्याखाली फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते, आणि माझ्या खालच्या मजल्यावरची मुलगी बाल्कनीत येरझारा घालत रसायनशास्त्राची सूत्रं मोठमोठ्यानं म्हणायला लागते. हल्ली इतक्या मोठ्यानं कुणी वाचत नाही. मी सकाळचा चहा घेऊन खिडकीशी उभी राहते आणि ऐकते. दरवर्षी ते ऐकून मला इथल्याच चामराजपेटमधली आमची माडीवरची दोन खोल्यांची जागा आठवते, बरं वाटतं, आणि मी ऑफिसला निघते.

यंदा बरं वाटत नाही. यंदा मी चिडलेली आहे, आणि का ते सांगायचं तर आधी एका कोंबडीबद्दल सांगायला हवं.

ही कोंबडी मूळची जादूगार होती. कुठलासा मंत्र चुकला आणि तिची कोंबडी झाली. उलटा मंत्र तिला ठाऊक होता, पण माणसाच्या जन्मात परत जायची तिला मुळीच घाई नव्हती. एका पडक्या मनोऱ्यात बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्या वीरांना जादू शिकवायची, आणि मंत्र सांगता सांगता मधेच थांबून म्हणायची, ‘क्षमा करा, एक मिनिट.’ मग पडद्यावर काहीच व्हायचं नाही. आपण वाट बघायची. थोड्या वेळानं एक अंडं दिसायचं आणि मंत्र पुढे सुरू व्हायचा.

ती राहत होती कॉम्प्युटरच्या एका खेळात. तलवारी, जादू, बुटके, राक्षस आणि भुयारं असलेले ते जुने खेळ, पन्नास-साठ तास चालणारे. त्यांत मारामारी असते, पण तिच्याहून जास्त बोलणं असतं. रस्त्यावरच्या कुणाशीही जाऊन बोलता येतं. तो काहीतरी म्हणतो, खाली आपल्यासाठी तीन उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. आमच्याकडे असलेल्या खेळाचं नाव काहीही असो, दादाच्या मित्रानं दिलेल्या सीडीवर पेननं ‘गेम दोन’ लिहिलं होतं आणि आम्ही त्याला गेम दोनच म्हणायचो.

दादा तेव्हा दहावीला होता, मी आठवीत. बाबा सरकारी कारखान्यात इंजिनिअर, आई शाळेत शिक्षिका. परीक्षेच्या दिवसांत आईला स्वतःच्याच शाळेतून उसंत नसे, म्हणून आमच्यावर लक्ष ठेवायला बेळगावहून अक्का आली. अक्का म्हणजे आईची थोरली बहीण. नात्यानं मावशी, पण आई तिला अक्का म्हणे, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. चौथीपर्यंत शिकलेली, मराठी आणि कन्नड दोन्ही घडाघडा वाचणारी, तिकडच्या बायका बोलतात तशी ‘मी येतो, मी जातो’ असं बोलणारी. इंग्रजी मात्र तिला ओ की ठो येत नव्हतं. आल्या दिवशी तिनं दाराच्या मधोमध खुर्ची टाकली, मांडीवर सोलायच्या शेंगांनी भरलेलं सूप घेतलं आणि दोन महिने दुपारच्या वेळी ती तिथून हलली नाही. बाहेर जायचं तर तिला उठवून जावं लागे.

दादाला वाटलं होतं, अक्काला काय कळतंय. दुपारी जेवणं झाली की त्यानं कॉम्प्युटर लावला.

“काय करायलास रे?” अक्कानं दारातून विचारलं.

“इंग्लिश वाचतोय अक्का.”

“मग मोठ्यानं वाच की. आन वाचून मला अर्थ सांग. न्हाईतर मला कसं कळणार, अभ्यास करायलास का खेळायलास?”

झालं. त्या दिवसापासून ती रीतच पडली. दादानं प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत मोठ्यानं वाचायचं, मग मराठीत अर्थ सांगायचा, तो अक्काला पटला तरच पुढचं बटण दाबायचं. शेजारच्या घरांतून मुलांचे पाढे आणि सनावळ्या ऐकू येत, आमच्या घरातून कोंबडीचे मंत्र.

ज्यांनी हे खेळ खेळलेत त्यांना माहीत असेल, जगाला वाचवायला निघालेल्या वीराला पहिलं काम मिळतं ते तळघरातले उंदीर मारायचं. या जातीच्या खेळांचा हा जुनाच रिवाज. लिहिणाऱ्यांनाही तो माहीत असतो, म्हणून ते स्वतःचीच टिंगल करतात. गेम दोनमधला खाणावळवाला म्हणायचा, ‘गेल्या आठवड्यात तुमच्यासारखेच चार वीर आले होते. उंदीर मजेत आहेत.’ दादानं अर्थ सांगितला तेव्हा अक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“एवढी तलवार घेऊन उंदीर मारायला जायलाय व्हय? मांजर पाळ म्हणावं की त्याला.”

“तसं उत्तर नाहीये अक्का. तीनच आहेत. एक, मी तयार आहे. दोन, मला काय मिळेल. तीन, मला उंदरांची भीती वाटते.”

“ह्यातलं एकबी नको. मांजराचं विचार.”

“अगं, तीनच असतात!”

“तीनच कशाला? माणूस काय तीनच गोष्टी बोलतोय व्हय?”

ती खरोखर चिडली होती. ज्या कुणी हा खेळ केला त्यानं वीराच्या तोंडाला कुलूप घातलंय, असं तिचं म्हणणं पडलं. शेवटी दादानं कंटाळून कुठलंतरी बटण दाबलं आणि तोंड वाकडं करून अर्थ सांगितला, “तो म्हणतोय, मांजर होतं, पण उंदरांनी त्याला जास्त खायला घालून आपल्याकडे कामाला ठेवून घेतलं.” अक्का एवढी हसली की सूप कलंडलं. शेंगा गोळा करता करता तिला परत हसू येत होतं. मीही हसले. दादा हे मनानं सांगतोय याची मला कल्पनाच नव्हती. पडद्यावरची अक्षरं माझ्या वाचून होईपर्यंत तो पुढे गेलेला असायचा.

पुढे मग सगळंच तसं झालं. अक्का चौथं उत्तर सांगायची, दादा तिसऱ्यावर बोट ठेवायचा आणि चौथ्याचा जबाब देऊन टाकायचा. कोंबडी अंडं घालायला थांबली की अक्का आम्हांला दटावायची, “गप बसा जरा. घालू दे तिला.” एकदा दादानं मुद्दाम सगळी ताकद अंगात आणि अक्कल शून्य असा वीर तयार केला. गंमत अशी की अशा वीराला उत्तरंही तशीच मिळतात: ‘ऊं’, ‘हां’, ‘मी मारू?’ गावातले लोक त्याची चेष्टा करतात. आम्ही पोट धरून हसत होतो, अक्का हसली नाही. “खुळा असला म्हणून काय झालं? माणूस हाय की,” म्हणाली. दादाला तो वीर टाकून नवा करावा लागला.

त्या खेळाच्या विनोदाबद्दल मी पुढे पुष्कळ विचार केला, कारण पोटासाठी मी अशाच खेळांच्या भाषांतराचं काम करते. एका ओसाड गावात एक स्मशान होतं. तिथे जायचं काहीच कारण नव्हतं, ना खजिना, ना राक्षस. आम्ही गेलो ते दादाची वाट चुकली म्हणून. प्रत्येक थडग्यावर पाटी. एकावर लिहिलं होतं, ‘याला वाटलं, ड्रॅगन झोपलाय.’ दुसऱ्यावर, ‘याच्या बायकोनं सांगितलं होतं.’ चार पाट्यांवर आम्ही हसलो. पाचवं थडगं लहान होतं आणि त्यावर लिहिलं होतं, ‘हिला पोहता येत नव्हतं.’ दादानं वाचलं, अर्थ सांगितला. अक्कानं सूप खाली ठेवलं. त्या दुपारी पुढे खेळलो नाही. कुणीतरी, कुठल्यातरी देशात, हजारातला एखादाच या कोपऱ्यात येईल हे माहीत असूनही बसून त्या पाच पाट्या लिहिल्या होत्या. आधी चार वेळा हसवल्याशिवाय पाचवी लागत नाही हे त्याला ठाऊक होतं. आमच्या ऑफिसात अशा मजकुराला ‘भरताड’ समजतात आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री त्यालाच लावतात, याचा मला किती संताप येतो म्हणून सांगू!

चामराजपेटमध्ये अक्का सुरुवातीला रोज सकाळी भाजी आणायला उतरायची. गाडीवाल्याशी ती तिकडच्या, उत्तरेकडच्या कन्नडमध्ये बोलायची, मोठ्या आवाजात, हेल काढून. एके दिवशी मीही सोबत होते. शेजारी उभ्या असलेल्या दोन बायका हसल्या, आणि एकीनं अक्काचं वाक्य तिच्याच सुरात दुसरीला म्हणून दाखवलं. अक्काला सगळं कळलं. तिनं भाजी घेतली, पिशवी माझ्याकडे दिली आणि झपाझप घराकडे चालायला लागली. त्याच आठवड्यात आईबरोबर ती कुणाकडेतरी हळदीकुंकवाला गेली होती. तिथल्या एक बाई कौतुकानं म्हणाल्या, “किती गोड बोलता हो तुम्ही, अगदी नाटकातल्या गड्यासारखं.” त्या बाईंना आपण काय बोललो याचा पत्ताही नसणार. म्हणजे कन्नडवर कन्नड बायका हसल्या, मराठीवर मराठी, आणि हिला तिसरी भाषाच नव्हती.

त्यानंतर भाजीला मी जायला लागले. अगदीच वेळ आली तर अक्का दुकानात ‘स्वल्प’ आणि ‘सरी’, म्हणजे ‘थोडं’ आणि ‘बरं’, एवढे दोन शब्द हलक्या आवाजात बोलायची. त्या दोन महिन्यांत ती मोकळेपणी बोलली ती फक्त त्या कॉम्प्युटरसमोर, बुटक्यांशी आणि राक्षसांशी. हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटायचं, अक्काला खेळ आवडतो.

दादाची परीक्षा झाली, अक्का गावी गेली. इंग्रजीत दादाला एवढे गुण पडले की बाबांनी चार लोकांत त्याच्या वाचनाचं कौतुक केलं. मी पुढे शिकायला पुण्याला गेले. पहिल्या आठवड्यात वर्गात, आई आणि अक्काकडून उचललेलं ‘मी येतो’ म्हणाले आणि सगळा बाक हसला. दुसऱ्या आठवड्यापासून मी ‘येते’ म्हणू लागले, ‘हाय’चं ‘आहे’ केलं, ‘खरं’ म्हणजे ‘पण’ हे विसरले. कुणी जबरदस्ती केली नाही. मीच शहाणी होऊन सगळं आवरून ठेवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं मला त्याचा अभिमानही होता.

काही वर्षांपूर्वी गेम दोन मला परत मिळाला. एक अख्खा शनिवार मी तो खेळले. खाणावळवाल्याकडे गेले, तिन्ही उत्तरं एकेक करून दाबून पाहिली. मांजराचा उल्लेख कुठेच नव्हता. कोंबडी होती, अंडंही होतं, स्मशानातल्या पाचही पाट्या होत्या. पण मला आठवणारा निम्मा खेळ त्या सीडीवर नव्हताच. तो चामराजपेटच्या खोलीत, दारातल्या खुर्चीवरून लिहिला गेला होता.

तर इंदिरानगरच्या आमच्या ऑफिसात परदेशी खेळ भारतीय भाषांत आणतात आणि मराठीचं काम माझ्याकडे असतं. यंदा जो खेळ आला तो जुन्या वळणाचा, विनोदावरच उभा असलेला. तळघरात रिवाजाप्रमाणे उंदीर आहेत, तेही बोलणारे. आणि एका राजवाड्याच्या दारात एक द्वारपाल आहे. राजा ‘आलोच’ म्हणून गेला त्याला तीनशे वर्षं झाली, द्वारपालाचा आता सांगाडा झालाय, तरी तो दार सोडत नाही. या पात्राची सगळी वाक्यं हसवतात आणि हसून झाल्यावर घशात अडकतात. इतकं चांगलं लिहिलेलं माणूस मला बऱ्याच दिवसांत भेटलं नव्हतं.

मी आधी उंदीर केले. हात आपोआप चालला. उंदरांच्या तोंडी मी बेळगावकडची बोली घातली, ‘काय करायलास बे हितं?’ वगैरे. मस्त जमली. मी काय करतेय हे माझ्या क्षणभरही लक्षात आलं नाही. द्वारपालापाशी आले आणि चार दिवस अडले. त्याला पुस्तकी मराठी दिली की तो मेलेलाच वाटे. मग एका सकाळी खालच्या मुलीचं वाचन ऐकताना मला दारातली खुर्ची आठवली, आणि तासाभरात सगळा द्वारपाल अक्काच्या बोलीत लिहून झाला. तो उभा राहिला, बोलायला लागला. मी खूश होऊन फाइल पाठवली.

आमची प्रमुख तन्वी. पुण्याची, हुशार, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. मनानं वाईट नाही, हे आधीच सांगते. तिनं मला तिच्या काचेच्या खोलीत बोलावलं.

“ताई, उंदीर कसले भारी झालेत! मी लिटरली एकटीच हसत बसले होते. पण द्वारपालाला सेम भाषा का दिलीस?”

“कारण तो तसाच बोलेल असं मला वाटतं.”

“अगं पण तो सीरियस कॅरेक्टर आहे ना. तीनशे वर्षं थांबलाय. त्याला एक ग्रेस पाहिजे, प्रॉपर मराठी पाहिजे. ही भाषा उंदरांना सूट होते. तू स्वतःच तर त्यांना दिलीयस.”

तिचं म्हणणं चूक होतं आणि पुरावा माझाच होता. हसायच्या पात्राला गावाकडची बोली आणि रडायच्या पात्राला छापील भाषा, ही वाटणी तन्वीनं केली नव्हती. आमच्या सिनेमांनी, मालिकांनी, शाळेतल्या स्नेहसंमेलनांनी केली होती, आणि पुण्याच्या त्या बाकावर ती मी मुकाट्यानं गिळली होती. नाटकातला गडी! हळदीकुंकवाच्या त्या बाई इतक्या वर्षांनी माझ्याच हातातून लिहीत होत्या. कुणी म्हणेल, एवढं काय, खेळच तर आहे. मला हे ‘खेळच तर आहे’ ऐकून ऐकून वीट आलाय. माणूस पन्नास तास एखाद्या जगात राहतो, तिथे कोण कुठल्या भाषेत हसतं आणि कुठल्या भाषेत मरतं हे तो शिकूनच बाहेर पडतो.

“सोमवार संध्याकाळपर्यंत फायनल दे,” तन्वी म्हणाली. “तुला नको असेल तर फक्त द्वारपाल मी दुसऱ्या कुणाकडून करून घेते.”

रविवारी मी जे. पी. नगरला दादाकडे गेले. अक्का आता त्याच्याचकडे असते. गुडघे गेलेत, कान अजून तिखट आहेत. दादा आणि वहिनी बाहेर गेले होते. मला वाटलं होतं, अक्काला द्वारपाल वाचून दाखवावा, तिला तो आवडेल, आणि मग मी सोमवारी कुणाच्याही बापाला घाबरणार नाही. मी लॅपटॉप घेऊन तिच्या पलंगावर बसले.

“खेळ आहे अक्का. मी मराठीत केलाय. वाचू?”

“मराठीत? तू केलीस? वाच की गं.”

आधी उंदीर वाचले. दोन वाक्यं झाली नाहीत तोच ती हसायला लागली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. “आमच्यागत बोलायलेत की गं! बरोब्बर धरलीस बघ!” तिला एवढं खूश झालेलं मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मला ते हसू ऐकवेना, तरी मी पुढे वाचत गेले. मग द्वारपाल आला.

पहिल्याच वाक्याला तिचं हसू थांबलं. “हा कोण?”

“राजाच्या दारातला द्वारपाल. तीनशे वर्षं उभा आहे.”

“मग असं का बोलायलाय?”

“असं म्हणजे?”

“आमच्यागत. राजाच्या दारात हाय न्हवं तो? चांगलं बोलू दे की त्याला, शाळेतलं. लोक हसतील गं.”

तन्वीशी मला भांडता आलं असतं. अक्काशी कसं भांडायचं हे मला कळेना, म्हणून मी ओरडले. खरंच ओरडले, वयाचा मान न ठेवता. “उंदरांना चालते आणि त्याला चालत नाही? तुझी भाषा काय उंदरांची आहे?”

“ओरडू नको. मी काय वंगाळ बोललो?”

“तू नाही बोललीस. उंदरांना ती मीच दिली. कुणी सांगितलं नव्हतं मला. सगळ्यात आधी उंदरांनाच दिली, आणि तू ‘बरोब्बर धरलीस’ म्हणतेस!”

मी रडायला लागले. अक्का माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं की काहीच नाही, मला अजून सांगता येत नाही. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“परत वाच बघू त्या दारवाल्याचं,” ती शेवटी म्हणाली.

मी नाक पुसून वाचलं. “कंटाळा लई आलाय, खरं जागा सोडवत न्हाई.”

“हे न्हाई जमलं.”

“काय नाही जमलं?”

“तीनशे वर्सं उभा हाय म्हणतीस, आन पहिल्यांदा कंटाळा म्हणंल व्हय? पाय म्हणंल आदी. ‘पाय लई दुखायलेत बघ. खरं मी बसलो, आन तेवढ्यात राजा आला तर?’ असं लिव.”

मी लिहिलं. मूळ इंग्रजी वाक्य याच्या जवळपासही नव्हतं. अक्कानं मला सुरुवातीपासून सगळं पुन्हा वाचायला लावलं आणि सात ठिकाणी थांबवलं. एके ठिकाणी म्हणाली, एवढं लांबण लावणार नाही तो, त्याला धाप लागत असंल. एके ठिकाणी म्हणाली, राजाला अरेतुरे करू दे, एवढ्या वर्षांत राग आला असंलच की. चहा दोनदा गार झाला. वहिनी आल्या तेव्हा आम्ही दोघी लॅपटॉपवर वाकून बसलो होतो.

रात्र पडायच्या आत घरी येऊन मी उंदीर बदलले. त्यांना सगळ्यात शुद्ध, सगळ्यात छापील मराठी दिली. आता तळघरात पाऊल टाकलं की थोरला उंदीर म्हणतो, ‘महोदय, आपण आमच्या निवासस्थानी पादत्राणांसह प्रवेश केला आहे, याची आपणांस जाणीव आहे काय?’ सोमवारी फाइल पाठवताना सोबत लिहिलं, की हे असंच राहील, आणि द्वारपाल बदलायचा असेल तर माझं नाव काढून सगळा खेळ दुसऱ्याकडे द्यावा. नोकरीचं काय होईल याचा विचार मी पाठवून झाल्यावर केला.

दुपारी तन्वीचा फोन आला. तिनं द्वारपालाचं ते पाय दुखण्याचं वाक्य तिच्या पुणेरी सुरात मोठ्यानं वाचलं. हसली. मग तेच परत एकदा वाचलं, न हसता.

“ताई, हे तू लिहिलंस?”

“नाही. माझ्या अक्कानं.”

“राहू दे,” ती म्हणाली. “मी वर बोलते. पण उंदीर उगाच बदललेस गं, ते जास्त फनी होते.”

द्वारपाल राहिला. वरच्यांनीही मान्य केलं. मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन अक्काला फोन लावला आणि सांगितलं, अक्का, तो तसाच बोलणार आहे, राजवाड्याच्या दारात उभा राहून, तू सांगितलंस अगदी तसं. सगळीकडच्या मराठी मुलांना ऐकू जाईल.

पलीकडे अक्कानं टीव्हीचा आवाज बंद केला.

“कुणी रागावलं न्हाई न्हवं तुला?” अक्कानं हळूच विचारलं.

मी जिन्यात तशीच उभी राहिले. भाजीच्या गाडीपाशी हसलेल्या त्या बायकांचा, हळदीकुंकवाच्या बाईंचा आणि माझा स्वतःचाही मला एवढा राग आला होता की तिला साधं नाही म्हणून सांगतासुद्धा येईना.